शेठचे चार चौकोन

पेव्हर ब्लॉकचा कारखाना, दोन जेसीबी आणि भावकी एवढं सगळं एकाच मोबाइलवर चालवणाऱ्या माणसाला आटगावात शेठ म्हणतात. नावाने हाक मारायची पद्धत नाही. नाक्यावर 'शेठ' म्हणून ओरडा, किमान तिघे वळतात.

आमचे शेठ जूनमध्ये ठाण्याला एसी हॉलात दिवसभराचं नेतृत्व शिबिर करून आले, ते व्हाइटबोर्ड घेऊनच. त्यावर आयसेनहॉवरचे चार चौकोन : काय तातडीचं, काय महत्त्वाचं, काय दोन्ही, काय काहीच नाही. स्टीफन कव्हीच्या पुस्तकातून १९८९ पासून हे चौकोन जगभर गेले. आटगावला यायला त्यांना कसारा लोकल धरावी लागली, म्हणून जरा उशीर झाला.

जीएसटी 'महत्त्वाचं, पण तातडीचं नाही'मध्ये गेलं. तिथे ते निवांत पडून राहिलं आणि वीस तारखेच्या संध्याकाळी आपलं आपणच उठून 'दोन्ही'च्या, म्हणजे पहिल्या चौकोनात आलं. भाताची आवणी कुठल्याच चौकोनात नव्हती. पाऊस धरला तशी कामावरची पोरं "शेठ, आवणी उरकली का येतो" म्हणून गेली. शेठ चिडले असते, पण आईने त्यांनाही बांधावर बोलावलं होतं.

खरा घोळ लग्नसराईत झाला. तातडीचं पण बिनमहत्त्वाचं काम दुसऱ्यावर सोपवायचं, हा शिबिरातल्या सरांचा मंत्र. शेठने त्या चौकोनात हळदी घातल्या आणि आहेराचं पाकीट देऊन मॅनेजरला पाठवलं. आमच्याकडे एकवेळ लग्न चुकलं तर खपतं, हळद नाही. त्यातल्या एका नवरदेवाचा काका शेठकडे खडी टाकतो, मामाचा पाण्याचा टँकर आहे. दुसऱ्या दिवशी डंपरचा गिअरबॉक्स गेला, टँकर 'लायनीत' अडकला. तानसा धरण इथून जवळच. १८९२ पासून त्याचं पाणी नेमाने मुंबईला जातं. शेठचे ब्लॉक मात्र मामा प्रसन्न असेल तरच भिजतात. मशीनवरची पोरंही आली नाहीत, ती तर नवरदेवाची दोस्तकंपनी.

शेठने हळदी मुकाट्याने पहिल्या चौकोनात घेतल्या. आता एका रात्रीत तीन मांडव होतात. प्रत्येक मांडवात दोन घास खाताना खडीचा भाव, टँकरची वेळ आणि उद्याची हजेरी पक्की होते. ऑफिसात आठवडाभर जे फोनवर जमत नव्हतं, ते पत्रावळीवर दहा मिनिटांत.

परवा ठाण्याहून सरांचा फोन आला, वेळेचं नियोजन कसं चाललंय म्हणून.

"एकदम टाइट, सर. पण आता बोलता नाही येणार, मीटिंगमधी हाय!" शेठ डीजेच्या वर आवाज काढून ओरडले.