गोटा टायरवर पिकअप कशी पळवावी: नवशिक्यांसाठी

एकलहऱ्यात पिकअप घेतलीत, अभिनंदन. परदेशात फोर्ड मॅव्हरिकसारखी हायब्रिड पिकअप मिळते. बॅटरीचं वजन आणि मोटरचा तडक मिळणारा जोर यामुळे तिचे टायर लवकर झिजू शकतात. आपल्याला एवढा खर्च करायची गरज नाही. टायर झिजवायचं तेच काम कांद्याचं ओझं करतं.

१. क्षमता विसरा. कागदावर १.७ टन लिहिलंय ते कंपनीचं मत. पाट्यात एक पान वाढवून घ्या, म्हणजे मागून गाडी बसलेली दिसणार नाही. पाटे वाढले म्हणून टायरची ताकद वाढत नाही, पण टायर काही बोलत नाही. लासलगावला खुला कांदा भुईकाट्यावर चढला की पावतीवर खरं वजन येतं. त्या पावतीवर पैसे मोजून घ्या आणि वजनाकडे दुर्लक्ष करा.

२. हवा पायाने तपासा. लाथ मारा, ‘टण्’ आवाज आला की झालं. गेजवाल्या माणसाला उगाच त्रास देऊ नका. हवा कमी राहिली तर टायरच्या दोन्ही कडा झिजतील, जास्त झाली तर मधला पट्टा. दोन्ही प्रकार आलटून पालटून केलेत तर झीज एकसारखी होते, हा आमचा खास सल्ला.

३. अलाइनमेंट हा शहरी लाड समजा. स्टिअरिंग डावीकडे ओढत असेल तर उजवीकडे धरून ठेवा. दंडाला व्यायाम होतो. पुढचा टायर आतल्या बाजूने खाल्ला जातो, पण ती बाजू गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. तुम्ही वाकू नका.

४. खाचांमधले छोटे उंचवटे नक्षीचाच भाग आहेत असं सगळ्यांना सांगा. खरं तर नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. चारचाकीला किमान १.६ मिलिमीटर नक्षी हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. तुमच्याकडे तेवढं बारीक मोजायचं साधन नाही, ही सबब तयार ठेवा. तार दिसू लागली की आतून गेटर टाका. पावसाळ्यात ओढा गावाच्या रस्त्याला वीज केंद्राच्या राखेचा बल्कर पुढे अचानक थांबला तर ब्रेक तुम्ही दाबायचा; गाडी कुठे थांबेल ते ती ठरवेल. वाईट वाटतं, पण नव्या जोडीचे पैसे वाचले ना!

५. टायरवरचे चार आकडे वाचू नका. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वाचलंत तर रबर म्हातारं झाल्याचं कळेल आणि ‘नक्षी तर शाबूत आहे’ म्हणायची सोय जाईल.

६. टायर फुटलाच तर दोष उन्हाला द्या, मग रस्त्याला, शेवटी पंक्चरवाल्याला. जादा वजन आणि कमी हवा यामुळे टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते, तापते आणि फाटते, असं मेकॅनिक सांगू लागला तर त्याला चहा पाजून विषय बदला. स्टेपनी म्हणून गाडीचा सगळ्यात जुना टायर ठेवलेला असेलच. त्यात हवा नाही हे नेमकं त्याच वेळी कळतं.

७. समृद्धीवर चढायची हौस आवरा. या महामार्गावर आरटीओने गोटा टायर शोधण्याच्या मोहिमा काढल्या आहेत. काँक्रीटवर वेगात टायर तापतो, म्हणून ही तपासणी. तिथे तुमची ‘नक्षी’वाली कहाणी चालत नाही. तुम्ही निफाड-विंचूरच्या जुन्या रस्त्यानेच जा, तिथे खड्डेच वेग आवरतात.

८. आता गाडी विका. टायरला काळं पॉलिश मारा, जाहिरातीत ‘टायर ८० टक्के’ लिहा. कशाचे ८० टक्के, हे गिऱ्हाइकाने विचारायचं नसतं.

आणि पुढची पिकअप जुनीच घेणार असाल, तर ओलं फडकं सोबत न्या, टायर पुसा आणि आतल्या बाजूला वाकून हात फिरवा.