चुंबकवाले काका

जुनी प्रीमियर पद्मिनी घ्यायची असं घरात नुसतं बोललात, तरी दोन प्रकारची माणसं उगवतात. एक, ‘कशाला नसती भानगड?’ म्हणणारी. ही निरुपद्रवी. दुसरी, ‘मला घेतल्याशिवाय बघायला जाऊ नकोस’ म्हणणारी. चुंबकवाले काका या दुसऱ्या गटातले.

काका स्वतः गाडी घेत नाहीत. त्यांना गाडी नकोच असते, गंज हवा असतो. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी निवृत्त झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीवर लोकांचं एकाएकी प्रेम उतू जाऊ लागलं. तेव्हापासून काकांचा हंगाम बारमाही झाला. बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक, ते जुन्या पायमोज्यात घातलेलं (दुसऱ्याच्या रंगावर ओरखडा नको, एवढी सभ्यता आहे), बोथट स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि गाडीखाली अंथरायला रविवारचा पेपर, एवढा सरंजाम घेऊन ते येतात.

विकणारा इंजिनाचं गुणगान गात असतो. “१०८९ सीसी, एका चावीत सुरू!”

“इंजिनाचं काय घेऊन बसलात? उद्या बोअर करून आणू. पत्रा कुठून आणणार?”

बोलणं उद्धट असलं तरी खोटं नाही. पद्मिनीला खाली वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. दाराखालची पोकळ पट्टी आतून सडली की वर रंग कितीही झकास असो, गाडी मधून खचते. म्हणून काका आधी चारही दारं उघडतात, अलगद सोडतात आणि कडी कशी लागते ते ऐकतात. मग दाराच्या खालच्या कडेवर बोट. तिथे पाणी निघून जायला भोकं असतात. रंगारी ती रंगासकट बुजवतो आणि पावसाचं पाणी आत मुक्कामाला राहतं. काकांचं बोट तपकिरी होऊन बाहेर येतं. ते बोट पुसत नाहीत, सगळ्यांना दाखवत फिरतात.

मागच्या मडगार्डवर तबलजीने शाई चाचपावी तशी बोटांनी टकटक चालते. पत्रा ठणकतो, ठणकतो आणि एका जागी भद्द आवाज येतो. आता मोजा निघतो. चुंबक चिकटत चिकटत जातं आणि नेमकं त्या जागेवर गळून पडतं.

“पुट्टी! तळहाताएवढी!”

विकणाऱ्याचा चेहरा उतरतो. तो बिचारा लबाड नसतो. त्यानेही ही गाडी रंग बघूनच घेतलेली असते, फक्त काका न नेता. तो हळूच म्हणतो, “रंगाला बारीक फोड आलेत, तेवढंच.” झालं! गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून रंग फुगतो. म्हणजे फोड दिसला तेव्हा आत कारभार उरकलेला असतो, हे व्याख्यान सुरू होतं. विकत घेणारा यात कुठेच नसतो. तो एव्हाना बॉनेटवर हात फिरवत मनातल्या मनात लोणावळ्याला पोचलेला असतो.

पायाखालचं मॅटिंग उचलायला काका वाकतात.

“काका, कशाला? परवाच नवीन टाकलंय.”

“म्हणूनच.”

शेवटचा हुकमी पत्ता विकणाऱ्याकडे असतोच. “गाडी पहिल्यापासून पुण्याची आहे. समुद्राचा वारा माहीत नाही तिला.” खारा वारा पत्र्याचा वैरी, हे त्यालाही ठाऊक असतं. काका काहीच बोलत नाहीत. मॅटिंगखाली चिमूट घालतात आणि तळहातावर बारीक वाळू धरतात. “मग दर मे महिन्यात गणपतीपुळ्याला कोण जात होतं?”

क्वचित एखादी गाडी खरोखर निर्मळ निघते. त्या दिवशी काकांकडे बघवत नाही. स्टेपनी उचलून बघतात, बॅटरीखाली टॉर्च मारतात, पुढच्या काचेचं रबर नखाने सोलतात. अखेर, “इतका स्वच्छ पत्रा? काहीतरी लपवलंय,” असं म्हणून घरी जातात.

बहुतेक वेळा मात्र व्यवहार मोडतोच. घेणारा खिन्न, काका प्रसन्न. ते पेपरची घडी घालत असतात, तेवढ्यात विकणारा चहाचा कप पुढे करून घुटमळतो.

“काका, पुढच्या रविवारी मोकळे आहात? नाशिकला एक फियाट बघायला जायचंय.”

“कुठल्या सालची?”