बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते

आमच्या घरात साहित्य हिचं आणि सामान माझं. ही कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाली, मी बँकेच्या कॅश काउंटरवरून. त्यामुळे आयर्लंडमधल्या स्लायगोला यीट्सच्या कवितेवरच्या उन्हाळी शाळेला जायचं ठरलं तेव्हा हिनं वह्या भरल्या, मी बॅगा. ऑगस्टमध्ये तिथं उन्हाळा असतो, अशी आयरिश लोकांची श्रद्धा आहे. आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवून तो पाळला.

अशा शाळा तिकडे गावोगाव भरतात. डोनेगलमध्ये ग्लेन्टीजला पॅट्रिक मॅकगिलच्या नावानं, क्लेअरमध्ये ब्रायन मेरीमनच्या नावानं. परीक्षा नाही, हजेरी नाही. आपली वसंत व्याख्यानमालाच, फक्त डास वजा. सकाळी पाहुण्यांची व्याख्यानं, दुपारी चर्चा, संध्याकाळी कवितावाचन आणि रात्री पबमध्ये सकाळच्या पाहुण्यांची निंदा.

पाहुणे वक्ते मात्र जगात सगळीकडे सारखेच. एक जण कागदातून मान वर न काढता तासभर वाचतो. दुसरा वेळ कमी असल्याचं सांगण्यातच निम्मा वेळ घालवतो. मग 'प्रश्न नाही, छोटंसं निवेदन आहे' म्हणत एक गृहस्थ उठतात. हे गृहस्थ मी पुण्यात पाहिलेत, नागपुरात पाहिलेत. स्लायगोत ते ट्वीडच्या कोटात होते.

एका सकाळी विषय होता यीट्स आणि भारत. टागोर झाले, 'गीतांजली'ची प्रस्तावना झाली, माझी एक डुलकीही झाली. मग वक्ते म्हणाले की उतारवयात यीट्सनी एका भारतीय स्वामीच्या मदतीनं उपनिषदं इंग्रजीत आणली. ही ताडकन उठली.

"मदतीनं? १९३७ च्या त्या पुस्तकावर स्वामींचं नाव आधी आहे, यीट्सचं नंतर. यीट्सना संस्कृत येत नव्हतं. श्री पुरोहित स्वामी, जन्म १८८२, गाव बडनेरा." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "हे तिकडचेच."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. अध्यक्षबाईंनी माइक माझ्या हातात दिला आणि बडनेऱ्याबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं. बडनेऱ्याबद्दल मला एकच गोष्ट ठाऊक.

"तिथं गाडी बदलावी लागते," मी म्हणालो.

शांतता. पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी डोळे मिटले.

"मोठी लाइन सरळ हावड्याला जाते. अमरावतीला पोहोचायचं, तर उतरावंच लागतं."

कुणीतरी वहीत लिहून घेतलं.

"सामान फार असलं की त्रास होतो."

आता वक्तेही लिहू लागले.

"आणि पुढची गाडी?" आजीबाईंनी कापऱ्या आवाजात विचारलं.

"ती कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही."

टाळ्यांचा कडकडाट.

चहाच्या वेळी माझ्यापुढे रांग लागली. एका तरुणानं विचारलं, मी मांसाहार कधी सोडला? हातातलं हॅम सँडविच मी बशीखाली सरकवलं. दुसऱ्यानं विचारलं, गुरू कोण? मी हिच्याकडे हात केला. ही खिडकीपाशी एकटीच चहा पीत उभी होती. तारखेसकट वक्त्याला दुरुस्त केलं हिनं, यीट्स शिकवण्यात आयुष्य गेलं हिचं, आणि हिला कुणी काही विचारेना. कॅशियरला मोक्ष विचारत होते लेकाचे! मी रांग मोडली आणि हिच्यासाठी स्कोन घेऊन गेलो.

प्रेक्षणीय स्थळं: बेन बुलबेन डोंगर ढगात होता. इनिसफ्री बेट लहान आहे. ड्रमक्लिफला यीट्सची कबर आहे. ते १९३९ मध्ये फ्रान्समध्ये वारले. १९४८ मध्ये नौदलाच्या जहाजातून त्यांचे अवशेष इथं आणले, पण ते त्यांचेच का, यावर अजून वाद आहे. यावर माझ्याकडे एक फक्कड विनोद तयार होता. पण कबरीपाशी पोहोचताच हिनं छत्री माझ्या हातात दिली आणि पावसात तशीच उभी राहिली. मी तो विनोद गिळला आणि छत्री हिच्यावर धरली.

जाता जाता एक विनंती. भगवान श्री हंस यांचं मानसरोवर-कैलास यात्रेवरचं मराठी पुस्तक पुरोहित स्वामींनी इंग्रजीत नेलं. ते १९३४ मध्ये यीट्सच्या प्रस्तावनेसह लंडनला छापलं गेलं. इंग्रजी प्रत हिच्याकडे आहे, मूळ मराठी काही हिला मिळत नाही. कुणाच्या माळ्यावर असेल तर कृपया हिला कळवा. मला कळवून उपयोग नाही.