दिनविशेषकाका

नवीन माणसाला लोक नाव विचारतात, गाव विचारतात, फारच जवळीक साधायची असेल तर फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, तेही विचारतात. दिनविशेषकाका जन्मतारीख विचारतात. मी ‘दहा जुलै’ म्हणालो आणि काकांचे डोळे लकाकले. ‘गावसकर! 1949!’ तेव्हापासून जिन्यात मला ‘या, लिटल मास्टर’ अशी हाक येते. मी आयुष्यात बॅट धरली ती पाल हाकलायला.

असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. निवृत्त, अक्षर वळणदार, खिशात खडू. पाण्याच्या वेळा लिहायला लावलेला आमचा फळा काकांनी हळूहळू गिळला. आता वर ठळक ‘आजचा दिनविशेष’ आणि खाली कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, पाणी. त्यामुळे 1 ऑगस्ट 1920 रोजी टिळक गेले आणि त्याच दिवशी अण्णाभाऊ साठे जन्मले, हे बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्या दिवशी टाकी धुणार होते, हे मात्र अंगाला साबण लावल्यावरच कळलं.

शिवजयंतीच्या वादात काका पडत नाहीत. तारखेची 19 फेब्रुवारी, तिथीची फाल्गुन वद्य तृतीया, पेढे दोन्हींना. 24 एप्रिलला त्यांची ओढाताण होते. 1942 साली मास्टर दीनानाथ गेले, 1973 साली सचिन आला. सकाळी हात जोडायचे आणि संध्याकाळी टाळ्या वाजवायच्या. पण खरी कणव मोरारजी देसाईंसाठी. जन्म 29 फेब्रुवारी 1896. त्यात 1900 हे लीप वर्ष नव्हतं, म्हणजे पोराचा पहिला वाढदिवस थेट 1904 साली! मोरारजींचं सरकार पडलं तेव्हाही काका एवढे हळहळले नसतील.

एकच तारीख त्यांना खपत नाही, 1 जून. सत्तरीपुढची निम्मी सोसायटी त्याच दिवशी जन्मलेली. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला तारीख आठवेना, मास्तरांनी एक जून ठोकून दिला. ‘खात्रीची एक जूनवाली एकटी नर्गिस,’ काका म्हणतात. ‘ही बाकीची मंडळी जन्मलेली नाहीत, दाखल झालेली आहेत.’

गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंचं सिझेरियन ठरलं. आजेसासूबाई म्हणाल्या, अमावस्या टाळा. डॉक्टर म्हणाले, रविवार टाळा. काका न बोलावता वर गेले.

‘तेवीस जुलै करा. टिळक मिळतात, चंद्रशेखर आझाद मिळतात. बावीसला काय ठेवलंय?’

‘आणि मुलगी झाली तर?’ सूनबाईंनी विचारलं.

काका तयारीनेच गेले होते. ‘कॅप्टन लक्ष्मी सहगल! आता ती पुण्यतिथी आहे म्हणा, पण चालेल.’

डॉक्टरांनी अठ्ठावीस दिली. बाळाने कोणालाच न जुमानता पंचविसाला येऊन दाखवलं. मुलगी. काकांनी आनंदाने फळा रंगवला: ‘25 जुलै. 1978 : जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन हिचा जन्म. आज : तिसऱ्या मजल्यावर कन्यारत्न. त्रिवार अभिनंदन!’

दुपारपर्यंत बाळाच्या बापाला चौघींनी बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, ‘खर्च किती आला हो?’ चौथीने तर दवाखान्याचा पत्ताही मागितला, भाचीसाठी.

आजेसासूबाई ओलं फडकं घेऊन तीन मजले उतरल्या. गुडघ्यांनी त्रास दिला असेल, पण तसं दिसलं नाही. काका फळ्यापुढे आडवे झाले.

‘अहो आजी, तारीख वाईट नाही! 1977 पासून दर नव्या राष्ट्रपतींचा शपथविधी पंचवीस जुलैलाच होत आलाय. 2007 साली आपल्या प्रतिभाताई पाटील, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती, त्यांचाही!’

आजींचा हात थांबला. ‘मग मेल्या, हे लिहायला काय झालं होतं?’

‘शपथविधी “घटना” या सदरात येतो,’ काका शांतपणे म्हणाले. ‘आजचा फळा “जन्म” या सदराचा होता.’