काकी लेस्टरला पाय दाखवून आल्या

मंदाकाकी लेकीकडून परतल्यापासून गडग्याशी उभं राहून निवांत बोलायला पावसानं उसंतच दिली नव्हती. परवा जरा उघडीप पडली. मी अळू कापायला परसात उतरले, तर पलीकडून हाक आलीच.

"विद्या, इकडे ये गो. तुझ्या टाचेचं काय झालं?"

परदेशी जाऊन आलेल्या बाईनं आधी विमान सांगावं, थंडी सांगावी, जावयाचं घर सांगावं. काकींनी थेट टाच काढली.

"व्हायचंय काय? सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की जीव जातो. जरा चालले की सैल पडतं. जेवून उठले की पुन्हा तेच. एक्स-रे काढला, त्यात हाड वाढलेलं दिसतंय."

"माझंही वाढलंय. दोन्ही टाचांचं. दुखते मात्र डावीच. आता सांग, दोष हाडाचा असता तर उजवी गप्प का बसली असती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकींकडे होतं, आणि ते सांगायलाच त्यांनी हाक मारली होती. इंग्लंडात, लेस्टरला, लेक नीतानं त्यांना पोडियाट्रिस्टकडे नेलं. तिकडे फक्त पायाचं शिकलेली माणसं असतात, तीन वर्षांची पदवी घेऊन. सरकारमान्य नोंदणी असल्याशिवाय कुणाला त्या नावाची पाटी लावता येत नाही. आपल्याकडे एकाच पायाची वाटणी झालेली असते. हाड हाडवाल्याकडे, कातडी कातडीवाल्याकडे, साखर साखरवाल्याकडे आणि नख घरच्या ब्लेडकडे.

"पैसे किती घेतले हो?"

"पौंडांचे रुपये करायचे नाहीत अशी नीताची ताकीद होती. पण त्या पोडियाट्रिस्ट बाईनं काय केलं ते ऐक. पाय बघायच्या आधी चपला बघितल्या."

काकी गेल्या होत्या नीताचे नवेकोरे बूट घालून. त्या बाईनं ते बाजूला ठेवले आणि रोजचं पायताण मागितलं. पुढच्या खेपेला काकींनी आपल्या कोल्हापुरी नेल्या. टाचेची बाहेरची कड झिजलेली होती. तेवढी बहुतेकांची झिजतेच, त्यात काही वावगं नाही म्हणाली. आतली कड जास्त झिजली असती तर पाय आत कलतोय का ते बघितलं असतं. पण तळ एवढा पातळ आणि कडक, तर टाचेनं टेकायचं कशावर, असं तिचं म्हणणं पडलं. मग साडी पोटऱ्यांच्या वर धरून काकींना बोळातून चालवलं. एका पायावर चवड्यानं उभं केलं.

"भिंत धरून हो! नाहीतर पडलेच असते. मग अंगठ्यानं टाचेच्या खाली, आतल्या बाजूला असं दाबलं की मी 'आई गं' म्हणून ओरडले. ती खूश. नेमकी तीच जागा म्हणाली. पायाचा अंगठा वर वाकवला, तशी तळव्यातली शीर ताणून तीच कळ उठली. संपलं. एक्स-रेचं नावसुद्धा नाही."

त्यांनी शीर म्हटलं तरी ती शीर नव्हे. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला जाड पट्टा असतो. पायाची कमान तो धरून ठेवतो. रात्रभर पाय सैल पडला की तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून पहिलीच पावलं जीवघेणी.

"मग औषध काय दिलं?"

"पलंगावरून उतरायच्या आधी पाय मांडीवर घ्यायचा, हातानं बोटं नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजून सोडायची. असं दहा वेळा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. घरात फरशीवर अनवाणी फिरायचं नाही, टाचेखाली मऊ असलेली चप्पल घालायची. आणि धीर धरायचा. महिने लागतात, एखादीला वर्षही लागतं, पण बहुतेकींचं याच्यानंच जातं."

घरात चप्पल! हे ऐकून मला आमच्या सासूबाईच आठवल्या. पण पूर्वीची शेणानं सारवलेली जमीन राहिली कुठे? आम्ही हौसेनं गुळगुळीत फरशी घातली, अनवाणी चालायची सवय मात्र सारवणावरचीच ठेवली.

"मी आपली वीट तापवून, वर रुईचं पान ठेवून शेकतेय," मी म्हटलं.

"तुला चालेल. ऊब लागते, बरं वाटतं. पण शुगर असलेल्यानं विटेच्या जवळपाससुद्धा फिरकायचं नाही. भाजलेलं कळतच नाही गो त्यांना. आपलं मुठेल तेल घे. कोकमाचं म्हणून गुणाचंच, भेगांना मऊ ठेवतं. पण कढत करून भेगेत सोडायची जी पद्धत आहे ना आपली, ती त्यांच्यासाठी नाही. मला तिनं भेगांना युरिया असलेलं मलम दिलं. युरिया म्हटल्यावर मी म्हटलं, मी काय भाताचं रोप आहे? पण कातडीत पाणी धरून ठेवतं म्हणे ते, आणि जाड कातडी नरम करतं."

मग विषय अर्थातच माणसांवर गेला. खालच्या वाडीतल्या एकीनं कुरपावर बिब्बा लावला आणि करंगळी भाजून घेतली, ही बातमी मी पुरवली. काकींनी कपाळाला हात लावला. कुरूप खणून काढलं तरी मूळ राहतं म्हणून पुन्हा येतं, असं आपण समजतो. त्याला मूळबीळ काही नसतं. एकाच जागी सारखा दाब नाहीतर घासा लागला की तिथली कातडी जाड होते आणि मधोमध कडक गाठ बसते, एवढंच. लेस्टरची बाई लहानशा पात्यानं ती मेलेली कातडी थराथरानं तासते आणि मधली गाठ उचलून काढते. भूल लागत नाही, रक्त येत नाही, माणूस हसत खुर्चीवरून उतरतो. पण चप्पल तीच ठेवली तर काही आठवड्यांनी पुन्हा हजर.

"आणि तळव्यावरचं सगळंच कुरूप नसतं बरं," काकी म्हणाल्या. "चामखीळही असते. वरून दाबल्यावर दुखलं तर बहुधा कुरूप. दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर कळ आली आणि आत काळे ठिपके दिसले तर चामखीळ. ती विषाणूची, एकाची दुसऱ्याला होते. औषधाच्या दुकानात कुरपाची पट्टी मिळते ना, तिच्यात आम्ल असतं. शुगरवाल्यानं ती लावायची नाही."

माझ्या ओमकारचं नखुरडं निघालं तेव्हा मात्र काकी चुटकीसरशी मोकळ्या झाल्या. नख कोपऱ्यात गोल कापायचं नाही, सरळ कापायचं, घट्ट बूट फेकायचे. तरी पुन्हापुन्हा पिकलं तर बोट बधिर करून रुतणारी कड तेवढी काढतात आणि मुळाशी फिनॉल लावतात, म्हणजे ती कड पुन्हा उगवत नाही.

"तुमच्या जोडव्यांचं काय म्हणाली?" मी विचारलं. ते मला मघापासून विचारायचंच होतं.

"काढा म्हणाली. मी म्हटलं, निघत नाहीत." काकींनी पदर सारखा केला. "आता तू अप्पांचं सांग. देवळातून एक चप्पल घालून आले म्हणे?"

आमच्या घरातली बातमी गडग्यापलीकडे कशी पोचते, हे मला आजवर कळलेलं नाही. पण खरं होतं ते. गेल्या शुक्रवारी सासरे पायरीवर आले, मी म्हटलं, "अप्पा, दुसरी चप्पल?" त्यांनी खाली बघितलं तेव्हा त्यांना समजलं. चिखलात रुतून राहिली असेल, पाऊस होता, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

"साखर किती वर्षांची त्यांची?"

"ओमकारच्या मुंजीच्या आधीपासूनची. पण पायाची कधी तक्रार नाही. माझंच मेलं रोज रडगाणं."

"तुझं दुखतंय ना, मग तुझी काळजी नको," काकी म्हणाल्या, आणि आवाज चढवून, "अप्पा! ओ अप्पा! आहात का पडवीत?" असं ओरडत बेडं सरकवून आमच्या अंगणात आल्यासुद्धा.

अप्पा पेपर वाचत होते. काकींनी तो काढून घेतला, त्यांना बाकावर पाय लांब करून बसवलं आणि डोळे मिटायला लावले. लेस्टरला काकींचीही साखर निघाल्यामुळे त्यांची सगळी तपासणी झाली होती. पावलाच्या वर आणि घोट्याच्या मागे नाडी चाचपली, कंप पावणारा चिमटा हाडाला लावला, नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवला. तो धागा बरोबर दहा ग्रॅम दाबाला वाकतो. तेवढंही जाणवलं नाही, तर जखम होतानाही जाणवणार नाही असं धरायचं. धागा आमच्याकडे कुठला? पण इंग्लंडातल्याच इप्सविच गावच्या डॉक्टरांनी नुसत्या बोटानं करायची तपासणी बसवली आहे. अंगठा, करंगळी आणि मधलं बोट, दोन्ही पायांची. टोकाला हलकंच बोट टेकवायचं, सेकंदभर. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही. समोरच्यानं उजवा की डावा एवढंच सांगायचं.

मी बोट टेकवलं.

"उजवा," अप्पा म्हणाले.

पुन्हा टेकवलं. अप्पा गप्प. पुन्हा.

"लावा की," अप्पा म्हणाले.

सहांपैकी तीन बोटं त्यांना कळली नाहीत. दोन हुकली तरी पुढं दाखवायचं असतं. काकींनी माझ्याकडे बघितलं, मी काकींकडे. डोळे उघडून अप्पांनी आमची तोंडं बघितली आणि त्यांना समजायचं ते समजलं. कारण या बाबतीत त्यांना शिकवणाऱ्या आम्ही कोण? सायकलवरून वाड्यावाड्या पालथ्या घालून कुष्ठरोगी शोधायचे, गोळ्या पोचवायच्या, बधिर पायांना जपायला शिकवायचं, अशी त्यांची सगळी नोकरी गेलेली.

"आरसा आण गो," मला म्हणाले.

तळव्याखाली आरसा धरला. अंगठ्याच्या बुडाशी जाड घट्टा होता आणि त्याच्या मधोमध काळसर डाग.

"हे रक्त आहे, घट्ट्याच्या आत साकळलेलं. खाली जखम तयार होतेय. घरी कापायचं नाही याला." आवाज अगदी नोकरीतला. "चपलेतून वर आलेला खिळा पायात घेऊन मैलभर चालत आलेली माणसं बघितलीत मी. चेहऱ्यावर काही नाही. आधी लोकांना वाटायचं, या रोगानं बोटं गळतात. वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड होते, 1946 साली आले तिथे. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी दाखवून दिलं की मांस सडत नाही, दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. दाब काढा, जखम भरते. मग त्या मऊ रबराच्या एमसीआर चपला आल्या. साखरेच्या पायालाही आज तेच लागू करतात, प्लॅस्टर घालून दाब वाटून देणं काय, खास चपला काय."

"आणि स्वतःचा तळवा कधी बघितलात?" काकींनी विचारलं.

अप्पांनी ते ऐकूनच घेतलं नाही. "एखादा पाय एकाएकी सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा गरम लागला आणि तरी दुखत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. आत हाडं मोडत असतात. मुरगळला म्हणून तेल चोळत बसायचं नाही."

"तुम्ही चिपळूणला पाय दाखवायला कधी जाताय ते सांगा."

"उद्या जातो. पण एमसीआर चप्पल घालणार नाही. मी स्वतः वाटलेल्या आहेत त्या. पायात दिसल्या की हॉटेलात चहा मिळायचा नाही. माणसं चपला घरी फडक्यात बांधून ठेवायची आणि अनवाणी बाजाराला यायची. मी त्यांच्यावर ओरडायचो."

यावर मला बोलता येईना. काकींना येतं. "आता तसल्या दिसत नाहीत त्या. रबर आत, वर तुमच्या आवडीचं कातडं. साखरवाल्यांसाठी सर्रास करून मिळतात. टाचेमागे पट्टा तेवढा हवा. तो असता तर देवळाची चप्पल तरी घरी आली असती."

अप्पा हसले. आणि मग त्यांची नजर काकींच्या पायांवर गेली, ती तिथंच थांबली.

"मंदावहिनी, बसा इथं. विद्या, साबणाचं पाणी आण."

"मला काही झालेलं नाही."

"जोडवी काढा."

"निघत नाहीत म्हटलं ना!"

साबणाच्या पाण्यात निघाली. जोडव्याखाली आणि शेजारच्या बोटांच्या बेचक्यात पांढऱ्या, ओल्या चिखल्या होत्या, एकीकडे कातडी फाटलेली. पावसाचं परसात अनवाणी हिंडल्यावर आणखी काय होणार? अप्पांनी काकींना चांगलंच फैलावर घेतलं. बुरशी आहे, बोटांच्या मधली जागा कोरडी पुसायची, पंचा वेगळा ठेवायचा, बुरशीचं मलम बरं वाटल्यावरही लगेच थांबवायचं नाही. तुम्हाला साखर आहे, असल्या फटीतून जंतू शिरले की पाय गुडघ्यापर्यंत लाल होतो. त्यात हे लेप्टोचे दिवस.

"लेस्टरच्या बाईनं हे बघितलं नाही?" मी जरा मोठ्यानंच विचारलं.

"तेव्हा नव्हतं हो!" काकी म्हणाल्या. "आणि ही जोडवी आता ठेवू कुठे?"

"ठेवा खिशात," अप्पा म्हणाले. "उद्या माझ्याबरोबर चला. रिक्षा दोघांत करू."