मशीन फ्री, भाडं वेगळं

नागपूर जिल्ह्याच्या उन्हात टाय बांधून कोणी दुकानाची पायरी चढला, की सावनेरचा दुकानदार ओळखतो: विमा, नाहीतर मशीन. सध्या मशीनचा हंगाम आहे. "भाऊ, स्वाइप मशीन एकदम फ्री हाये," हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य पॅन कार्डापासून निघतं आणि आधार, चालू खातं, रद्द केलेला चेक, उद्यम नोंदणी अशी वळणं घेत दुकानाच्या फोटोपाशी थांबतं. फोटोत पाटी दिसली पाहिजे. मग दुकानदार स्टुलावर चढून पाटीसमोर लटकवलेल्या चिप्सच्या माळा उतरवतो, आणि तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात शिरतात. फुकटच्या मशीनचा हा पहिला खर्च.

दुसरा खर्च भाड्याचा. मशीन फ्री म्हणजे विकत घ्यायचं नाही, एवढंच. महिन्याचं भाडं मात्र खात्यातून आपोआप कापलं जातं. त्या महिन्यात एकही कार्ड आलं नाही तरी. एका किराणावाल्या भाऊंनी टायवाल्यालाच हिशोब ऐकवला: "समज भाडं तीनशे. साखरेत मले किलोमागं दीड रुपया सुटते. म्हंजे दोन क्विंटल साखर मी फक्त तुह्या मशीनसाठी इकू काय?" टायवाला म्हणाला, "भाऊ, जमाना डिजिटल हाये."

जमाना डिजिटल झाल्याची द्वाही आपल्याच जिल्ह्यात फिरली होती, हे सावनेरकरांनी विसरू नये. १४ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधान नागपुरात आले, मानकापूरच्या क्रीडा संकुलात समारंभ झाला, भीम-आधार या पेमेंट सेवेचा प्रारंभ झाला आणि रोखीविना पैसे देणाऱ्यांच्या महासोडतीतल्या विजेत्यांचा सत्कार झाला. एक कोटीचं बक्षीस लातूरच्या एका मुलीला लागलं. तिने मोबाइलच्या हप्त्याचे १५९० रुपये रुपे कार्डाने भरले होते. दुकानदारांसाठीही वेगळी बक्षिसं होती. त्या दिवसाबरोबर बक्षिसांची योजना संपली. भाडं तेवढं चालू आहे.

आता दर, म्हणजे कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर बँक दुकानदाराकडून कापते तो आकार. २०१८ च्या जानेवारीपासून रिझर्व्ह बँकेने वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदारासाठी डेबिट कार्डावर जास्तीत जास्त ०.४० टक्के ही मर्यादा घातली. हजाराच्या मालावर चार रुपये. हा भार गिऱ्हाइकावर टाकायचा नाही, असंही बजावलं. पुढे २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरचा आकार शून्य झाला. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही; तिथे दोन टक्क्यांच्या आसपास जातात. थोडक्यात, गिऱ्हाइकाने पाकीट उघडलं की दुकानदाराने आधी त्याच्या चेहऱ्याकडे नाही, कार्डाच्या कोपऱ्यातल्या छापाकडे पाहायचं आणि हसायचं की नाही ते ठरवायचं.

क्रेडिट कार्ड म्हणजे शेवटी उधारीच. पूर्वी उधारी दुकानदार देत असे आणि गिऱ्हाईक तोंड चुकवत असे. आता उधारी बँक देते आणि तिच्या दिलदारीचे दोन टक्के दुकानदार भरतो. बुडालं तर बँकेचं बुडतं, हे मात्र कबूल करायला हवं. वहीतली नावं खोडण्यात केस पांढरे झालेल्या माणसाला दोन टक्के स्वस्तच वाटतील.

वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, पगाराच्या आठवड्यात हे मशीन चालताना बघण्यासारखं असतं. खाणीतले एक कामगार काका कार्ड देतात. भाऊ चिपची बाजू आत खोचतात. काका तळहाताच्या आडोशाने पिन दाबतात. मागची रांग सभ्यपणे छताकडे बघते. मशीनवर गोल फिरत राहतं. भाऊ मशीन हातात धरून आधी काउंटरबाहेर, मग पायरीवर, मग रस्त्यापलीकडच्या निंबाखाली जातात, कारण रेंज तिथे आहे. काका मागोमाग, कारण कार्ड मशीनमध्ये आहे. शेवटी स्लिप निघते, अर्धी, रोल संपलेला. एवढ्यात रांगेतल्या पोराने क्यूआर स्कॅन केला, स्पीकरने साऱ्या बाजाराला त्याचे चाळीस रुपये ऐकवले आणि पोरगं बिस्किट खात घरी पोचलंसुद्धा.

फ्रिज-टीव्हीवाल्यांनी आणि सराफांनी मशीन जरूर घ्यावं. तिथे गिऱ्हाईक हप्ता आणि क्रेडिट कार्ड घेऊनच येतं, आणि एका बिलात भाडं निघतं. पोहे, तेल, साखर विकणाऱ्याला भिंतीवरचा क्यूआरचा कागद पुरतो. तरीही घ्यायचंच असेल तर सहीआधी भाडं, प्रत्येक कार्डाचा दर आणि मशीन परत करण्याची अट कागदावर मागा. आणि टायवाल्याला एवढं नक्की विचारा, "भाऊ, बंद पडलं तं न्यायलेबी तूच येशीन ना?"