अटी लागू

मध्यमवर्ग म्हणजे नक्की कोण, यावर समाजशास्त्रज्ञ वाद घालत बसतात. आपल्याकडे तो निकाल गृहकर्जाच्या योजना लावतात. २०१७ साली प्रधानमंत्री आवास योजनेत ‘मध्यम उत्पन्न गट’ आला, तेव्हा वर्षाला सहा ते अठरा लाख कमावणारं कुटुंब त्यात बसत होतं. २०२४ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि वरची मर्यादा नऊ लाखांवर उतरली. म्हणजे पंधरा लाखांवर अडकलेलं एखादं कुटुंब सात वर्षांत पगार न वाढताच मध्यमवर्गातून वर गेलं. पेढे तेवढे वाटायचे राहिले.

नव्या योजनेत घराची किंमत ३५ लाखांपर्यंत हवी आणि चटईक्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत चालतं. या दोन्ही आकड्यांत बसणारं घर नांदेड-अकोल्याकडे सापडेल, आणि तिथे आठ लाखांच्या कर्जावरची चार टक्के व्याजसवलत खरोखरच कामाची आहे. मुंबईत मात्र ३५ लाखांत १२० चौरस मीटर मिळालेच, तर ते गच्चीवरचे असणार. तेही सोसायटीच्या पूर्वपरवानगीने.

पण खरी गंमत सवलत न मिळण्यात नाही. ती दोन सवलती एकाच वेळी समोर येण्यात आहे.

आमच्या ओळखीचं एक जोडपं २०२२ मध्ये साठ लाखांचा फ्लॅट घेत होतं. महाराष्ट्र सरकारने आदल्याच वर्षी जाहीर केलं होतं, की घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी. साठ हजार वाचणार! वहिनींना आनंद झाला. त्यांच्या यजमानांनाही झाला, पण थोडा उशिरा आणि थोडा कमी. ‘फक्त’ या शब्दावर त्यांची बोटं अडखळली. करारात नवऱ्याचं नाव शेजारी आलं, की सवलत गेली. शिवाय तेव्हाच्या नियमाप्रमाणे पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नव्हतं. (ही अट २०२३ मध्ये निघाली.)

“अहो, तुम्ही राहणार तर आहातच की,” वहिनी समजुतीने म्हणाल्या.

राहण्याचा प्रश्न नव्हताच, प्रश्न प्राप्तिकराचा होता. हप्ता यजमानांच्या पगारातून जाणार. राहत्या घराच्या कर्जावरचं दोन लाखांपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा करता येतं, पण त्यासाठी घराच्या मालकीत आपलं नाव लागतं. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यात वर्षाला साठ हजार वाचतात. वहिनींच्या शिकवण्यांवर कर लागतच नव्हता, त्यामुळे त्यांच्या नावावर ही वजावट घेऊन उपयोग शून्य. एका सरकारने एकदाच साठ हजार देऊ केले होते, दुसऱ्याने दरवर्षी साठ हजार. मधे उभं होतं एक जोडपं आणि त्यांचा सीए. शेवटी नाव दोघांचं लागलं. वहिनी अजून म्हणतात, “माझं एक टक्का घर गेलं.”

त्या दोन लाखांचीही एक कथा आहे. ही मर्यादा दीड लाखावरून दोन लाख झाली २०१४ च्या अर्थसंकल्पात. त्यानंतर घरांच्या किमती कुठे गेल्या हे वाचकांना सांगायला नको. मर्यादा मात्र जिथल्या तिथे आहे. आणि आता नवी करप्रणाली आली आहे. तिच्यात राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही, पण २०२५ च्या अर्थसंकल्पाने बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्यावर आणला. खरं सांगायचं तर मला हा सौदा आवडला. मध्यमवर्गाला सरकारने आजवर दिलेली ही सर्वांत मोठी सवलत, कारण तिच्यासाठी कसलंही प्रमाणपत्र जोडावं लागत नाही. दुःख एवढंच, की व्याजाचा दाखला मागायला बँकेत गेल्यावर तिथल्या बाईंशी जी चार वाक्यं व्हायची, तीही बंद झाली.

तरी बँकेत एकदा जाच. मे २०२० मध्ये रेपो दर चार टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला. तेवढ्या काळात अनेकांचा हप्ता होता तेवढाच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. काहींचं कर्ज तर निवृत्तीच्या पलीकडे जाऊन पोचलं. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरले, पण लांबलेली मुदत तेवढीच मागे आली का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलं आहे, की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या, आणि किती हप्ते उरले ते दर तिमाहीला कळवा. तेव्हा आपले किती उरलेत ते विचारून घ्या. या सोयीला उत्पन्नाची अट नाही, चटईक्षेत्राची नाही, आणि घर कोणाच्या नावावर आहे याचीही नाही.